ओल कुठून येते ते आधी बघा
भाड्याच्या घरातल्या भिंतींना धरणाऱ्या बुरशीवरच्या लेखात सगळा दोष भाडेकरूवर टाकलाय, ते पटलं नाही. खिडक्या लावून खोलीतच कपडे वाळवले की बुरशी धरते, हे खरं. पण आमच्या जळगावात गच्चीवरचं पाणी स्लॅबमधून भिंतीत उतरतं, जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांचं तर विचारूच नका. तिथे भाडेकरूने किती पुसायचं? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम १४ बघा: करारात वेगळं ठरलं नसेल तर दुरुस्ती मालकाचीच. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी (त्यांचा करार भाड्याचा नाही, राहण्याच्या परवान्याचा असतो) मात्र गळतीचा खर्च कोणाचा, हे करारातच लिहून घ्यावं. घरात दम्याचं माणूस असेल तर नक्कीच.