सुटलेल्या पोराच्या घरी कोण जाणार?

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या एका मुलाच्या भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने काही तासांतच त्याला जामीन दिला. अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता, आणि त्या निबंधावर देश पेटला. ते योग्यच होतं, दोन घरांतली कर्ती पोरं गेली होती. पण त्याच आदेशात आणखी एक अट होती: मुलाने दारू सोडण्यासाठी उपचार आणि समुपदेशन घ्यावं. ते देणार कोण, किती दिवस देणार, आईबापांना त्यात बसवणार की नाही, हे विचारलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

त्यानंतर चर्चा वयावर येऊन अडकली. 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर झालेल्या आणि जानेवारी 2016 पासून लागू असलेल्या बाल न्याय कायद्यात, 16 ते 18 वयाच्या मुलाला निर्घृण गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटल्याला सामोरं जायला लावण्याची सोय आहेच. आता 14 वर या, अशी मागणी आहे. कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या पोरांची बातमी आली की 'धिंड काढा' म्हणणारे तर माझ्या नात्यातही आहेत. त्यांचा राग मला कळतो. रात्रपाळीहून परतणाऱ्या माणसाच्या अंगावर कोयता आला तर त्याला कायद्याची कलमं वाचून दाखवण्यात अर्थ नाही. तरीही मला वाटतं, आपण चुकीच्या ठिकाणी भांडतोय. वय 18 ठेवा, 16 ठेवा, 14 ठेवा. बहुतेक पोरं आज ना उद्या सुटून त्याच गल्लीत, त्याच खोलीत, त्याच मित्रांमध्ये परत येतात. त्या घरात कोण जातं, यावर पुढचं सगळं ठरतं.

मी अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला राहते. इथे सगळं छान आहे, असं सांगायला मी हे लिहीत नाही. मेम्फिस अमेरिकेतल्या सर्वाधिक गुन्हेगारीच्या शहरांपैकी आहे. गेल्या काही वर्षांत गाड्या चोरणाऱ्या पोरांनी शहर हैराण केलं, आणि इथल्या बातम्यांतली भाषा पुण्यातल्या भाषेहून फार वेगळी नव्हती. केंद्रीय न्याय खात्याने इथल्या बाल न्यायालयाची चौकशी करून 2012 मध्ये अहवाल दिला, तेव्हा काळ्या मुलांना गोऱ्या मुलांपेक्षा कठोर वागणूक मिळते, असा निष्कर्ष निघाला. अशा या शहरात एक संस्था वाढली. ती कशी वाढली, ते मला पुण्याला सांगावंसं वाटतं.

संस्थेचं नाव यूथ व्हिलेजेस. 1986 मध्ये मेम्फिसमधली मुलांची दोन वसतिगृहं एकत्र येऊन ती झाली. पॅट्रिक लॉलर हे तिचे संस्थापक प्रमुख, बाल न्यायालयात काम करून आलेले. सुरुवातीचं काम आपल्या ओळखीचं होतं: बिघडलेलं, हिंसक, घरातून काढलेलं पोर आणायचं, आवारात ठेवायचं, शिस्त लावायची, उपचार करायचे. आवारात पोरं सुधारायचीही. पण घरी गेली की काही महिन्यांत पुन्हा तेच. या संस्थेने सुटून गेलेल्या पोरांचा पाठपुरावा करायचा ठरवला. सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी फोन करायचा आणि विचारायचं: पोर घरी आहे का, शाळेत किंवा कामावर जातंय का, पुन्हा अटक झाली का? आपली संस्था पुढे चुकतेय हे सांगणारे आकडे स्वतःच गोळा करायला धाडस लागतं.

1994 मध्ये त्यांनी दक्षिण कॅरोलिनातल्या स्कॉट हेंगलर यांची बहुआयामी कुटुंबोपचाराची पद्धत हाती घेतली. तिचा गाभा असा, की पोराला बाहेर काढून दुरुस्त करायचं नाही. घर, शाळा, मित्र आणि वस्ती यांच्यातच काम करायचं, आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात पुन्हा सूत्रं द्यायची. पुढे संस्थेने त्यावरून स्वतःचा 'इंटरसेप्ट' कार्यक्रम बांधला.

माझ्या ओळखीची एक बाई काही वर्षं असं काम करत होती. तिच्याकडे एका वेळी चार-पाच कुटुंबं असत, जास्त नाही. आठवड्यातून दोन-तीनदा घरी जायचं, तेही आई कामावरून आल्यावर. पहिल्या भेटींमध्ये समुपदेशनाचं फारसं काही घडत नाही. सुऱ्या आणि औषधं कुलपात ठेवणं, रात्री पोर बाहेर पडलं तर वाजेल अशी घंटी दाराला लावणं, असली कामं असतात. मग आईबरोबर बसून नियम ठरवायचे, शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी भांडण मिटवायचं, पोराच्या दोस्तांच्या आयांना एकमेकींचे फोन नंबर द्यायला लावायचे. रात्री दोनला पोराने दार तोडलं तर फोन हिलाच किंवा तिच्या गटातल्या कुणाला तरी. हे चार ते सहा महिने चालतं. तिने मला सांगितलं होतं, की सगळ्यात अवघड गिऱ्हाईक पोर नसतं, हरलेला बाप असतो.

याने खरंच फरक पडतो का? अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात गंभीर गुन्हे केलेल्या 176 पोरांवर अभ्यास झाला. चौदाएक वर्षांनी पाहिलं, तर हेंगलर यांच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांपैकी 50 टक्के पुन्हा पकडले गेले होते आणि नेहमीचं वैयक्तिक समुपदेशन घेतलेल्यांपैकी 81 टक्के. पण इंग्लंडमध्ये 684 कुटुंबांवर झालेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ही पद्धत तिथल्या नेहमीच्या सेवांपेक्षा सरस ठरली नाही. तिथल्या नेहमीच्या सेवाच बऱ्यापैकी भक्कम होत्या, असं त्यावर म्हटलं जातं. सरकारच्या ताब्यातून, म्हणजे सांभाळणाऱ्या पालक-कुटुंबांतून किंवा बाल न्यायव्यवस्थेतून, बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी यूथ व्हिलेजेसने 1999 मध्ये एक कार्यक्रम सुरू केला; कुणाला तो मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवत बाहेरच्या संशोधकांनी त्याचीही तपासणी केली. 1,300 हून अधिक तरुण त्यात होते. पहिल्या वर्षात कमाई वाढली, घराची शाश्वती वाढली. शिक्षणात आणि गुन्ह्यांच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही. तो निकालही जाहीर झाला. म्हणून मला या संस्थेबद्दल आदर वाटतो.

आज ती वीसहून अधिक राज्यांत काम करते. निवासी आवारं तिने पूर्ण बंद केलेली नाहीत; काही मुलांना घरी ठेवणं धोक्याचंच असतं, हे ती मानते. मात्र वाढ झाली ती घरी जाणाऱ्या माणसांची. त्यामागे पैशाचा हिशेब होता. सरकार खाटेमागे पैसे देत असेल, तर खाट रिकामी ठेवणं कुठल्याच संस्थेला परवडत नाही. टेनेसीने 2006 पासून संस्थांशी परिणामांवर आधारलेले करार सुरू केले: मुलं लवकर आणि टिकाऊपणे घरी पोचली तर संस्थेला वाटा, नाही तर भुर्दंड. शिवाय 2007 च्या सुमारास काही दानशूर फाउंडेशननी एकत्र येऊन फक्त वाढीसाठी मोठा निधी उभा केला, इमारतींसाठी नव्हे.

आता आपल्याकडे. कायद्यात काय नाही? मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते आहेत, त्यांत एक स्त्री असलीच पाहिजे. परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे अशा मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, पंधरा दिवसांत घरची चौकशी करून अहवाल द्यायचा आहे. प्रत्येक मुलाची वैयक्तिक संगोपन योजना करायची आहे. चांगल्या वागणुकीच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत पालकांच्या ताब्यात देखरेखीखाली ठेवता येतं. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा 1857 पासूनची आहे आणि मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा 1924 चा. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव आपल्याकडे आहे. पण अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्यावर इतक्या प्रकरणांचा बोजा असतो, की अहवालानंतर त्याच घरी आठवड्यातून दोनदा जाणं त्याला शक्य नाही. मग मंडळाकडे दोनच पर्याय उरतात, निरीक्षणगृह किंवा घरी सोडणं. पहिल्याने दहशतीची नवी ओळख मिळते, दुसऱ्याने निबंध.

'हे अमेरिकेला परवडतं,' असं मला ऐकवलं जातं. उत्तर गडचिरोलीत आहे. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळाचे उपचार घरात नेले, बालमृत्यू घटवले, आणि 2011 मध्ये केंद्र सरकारने घरगुती नवजात शिशू सेवा 'आशां'च्या हाती दिली. दवाखान्यात येत नाही त्याच्या घरी दवाखाना न्यायचा, हे महाराष्ट्राने देशाला शिकवलं. सोळा वर्षांच्या, हातात कोयता आलेल्या पोरासाठी ते का जमू नये? त्याच वस्तीतली पदवीधर ताई किंवा दादा, समाजकार्याची पदवी घेतलेला एक वरिष्ठ, पाच कुटुंबांची मर्यादा, रात्रीचा फोन, आणि दोन वर्षांचा पाठपुरावा. पुण्यातल्या दोन-तीन पोलीस ठाण्यांच्या हद्दीत एवढं सुरू करता येईल.

पैसा कुठून? 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि पुण्यात अशा कंपन्या भरपूर आहेत. त्यांना इमारत द्यायला आवडते, कारण भिंतीवर पाटी लागते. पाच वर्षांचे पगार द्यायला सांगितलं की बैठक लांबते. गृहखातं, महिला व बालविकास खातं आणि या कंपन्या एका टेबलाशी बसून वस्तीतल्या पन्नास ताई-दादांचे पाच वर्षांचे पगार बाजूला काढू शकतात. विधिमंडळात पुढच्या वेळी वयोमर्यादेवर आवाज चढेल, तेव्हा आपल्या आमदाराने एक आकडा मागावा: मागच्या वर्षी पुण्यातून सुटलेल्या पोरांपैकी किती जणांच्या घरी, सुटल्यानंतरच्या महिन्यात, कुणी तरी दोनदा गेलं?