जपानमधे संपात जास्त काम करत नाहीत, काका

फॅमिली ग्रुपवर परवा रात्री काकांनी एक मेसेज टाकला, तुम्हालाही आला असेल, सगळीकडं फिरायलाय. थोडक्यात असा: जपानी कामगार संप करतो तेव्हा काळी फीत लावून दुप्पट काम करतो, रजा घेणं त्याला कमीपणाचं वाटतं, युद्धानंतर जर्मन लोकांनी रोज दोन तास फुकट जास्त राबून देश उभा केला, आणि वर्क लाइफ बॅलन्स हे परदेशी फॅड आपल्या पोरांनी उचललं म्हणून आपण मागं. काकांनी सहज पुढं ढकलला असणार. पण त्याच ग्रुपवर माझी धाकटी बहीण आहे, हिंजवडीत नोकरी, दीड वर्षाचं बाळ, अप्पांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला यायचं म्हणून दोन दिवसांच्या रजेचा मेल टाकलेला तिनं. तिनं खाली "बरोबर आहे काका" लिहिलं आणि अर्ध्या तासात मला फोन, की दादा, टीममधे सगळे उशिरापर्यंत बसायलेत, मी रजा मागं घेते, तू एकटा बघशील का. आवाज रडवेला. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी ती संपाची गोष्ट, कारण ती मी शाळेत असल्यापासून ऐकतोय आणि ती सांगणाऱ्या एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही की कुठल्या कारखान्यात, कुठल्या साली? जपानमधे फीत लावून निषेध करायची पद्धत आहे, एवढं खरं. बाकी उलटं आहे. १९६० साली मिइके कोळसा खाणीतले कामगार महिनोन्‌महिने संपावर होते. सरकारी रेल्वेवाल्यांना संपाचा हक्क नव्हता, तर त्यांनी नियमावर बोट ठेवून इतकं सावकाश काम केलं की मार्च १९७३ मधे आगेओ स्टेशनवर खोळंबलेल्या प्रवाशांनी तोडफोड केली. १९७५ साली त्याच रेल्वेवाल्यांनी संपाच्या हक्कासाठीच आठ दिवस गाड्या बंद ठेवल्या. आणि जुनं सोडा, ३१ ऑगस्ट २०२३ ला टोकियोतलं सेइबूचं इकेबुकुरोचं मोठं दुकान कामगारांनी संप केला म्हणून दिवसभर बंद होतं. दुप्पट विक्री नाही केली त्यांनी, शटर खाली होतं.

रजेचं म्हणाल तर जपानी माणूस रजा घ्यायला कचरतो हे मान्य. पण त्याचं कौतुक तिथलं सरकारसुद्धा करत नाही. अतिकामानं येणाऱ्या मरणाला त्यांच्या भाषेत वेगळा शब्द आहे, करोशी, आणि ते टाळण्यासाठी २०१४ साली त्यांना कायदा करावा लागला. पुढं एका जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या मुलीनं ओव्हरटाइमच्या ताणानं जीव दिला, देश हादरला, आणि २०१८ च्या कायद्यानं ओव्हरटाइमला महिन्याला ४५ तास, वर्षाला ३६० अशी मर्यादा घातली, शिवाय मालकानं वर्षातून निदान पाच दिवस भरपगारी रजा द्यायलाच पाहिजे असं बंधन आलं. म्हणजे ज्याला तुम्ही आदर्श म्हणताय तो देश त्यातनं बाहेर पडायची धडपड करतोय, आणि आपण ते माझ्या बहिणीच्या गळ्यात घालायचं?

यातलं खरं नुकसान कुठं आहे ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा अभ्यास आहे. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त राबणाऱ्याला, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यापेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त. २०१६ या एका वर्षात अशा लांब तासांपायी ७ लाख ४५ हजार माणसं गेली. काका, हे आकडे लांबचे वाटत असतील तर अप्पांकडं बघा. चादरीच्या कारखान्यात बारा बारा तासांची पाळी, तीस वर्षं, मागाच्या खडखडाटात डावा कान गेला, आमच्या शाळेचं गॅदरिंग एकदाही बघितलं नाही त्यांनी. माणूस आळशी नव्हता की. मग एवढं राबून मालक पुढं गेला का अप्पा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

जर्मनीचं अर्धं खरं आहे. पन्नाशीच्या दशकात शनिवार धरून आठवड्याला ४८ तास राबत होते ते लोक. पण तिथल्याच कामगार संघटनांनी १ मे १९५६ ला पोस्टरं लावली, एक लहान मुलगा म्हणतोय, शनिवारी बाबा माझे. आणि शनिवार मिळवला त्यांनी. आज माणशी वर्षाला साधारण १,३४० तास भरतात, ओईसीडी म्हणून मुख्यतः श्रीमंत देशांचा गट आहे, त्यात सगळ्यात कमी. अर्धवेळवाले धरून आहे हा आकडा, तरी.

राहिलं फॅड. फोक्सवॅगननं २०११ मधे कामगारांशी करार करून शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासानं फोनवर येणारे मेल बंद केले. फ्रान्समधे २०१७ पासून, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर फोन न उचलायचा हक्क कायद्यात आहे. पोर्तुगालमधे वेळेनंतर कामगाराला त्रास दिला तर मालकाला दंड. ब्रिटनमधे २०२२ साली ६१ कंपन्यांनी पगार न कापता चार दिवसांचा आठवडा करून बघितला, ५६ कंपन्यांनी तो पुढं चालू ठेवला, तोटा होत असता तर ठेवला असता का? आणि परदेशी म्हणून नाक मुरडायचं असेल तर रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंड्यांनी भांडून मिळवून दिली, १० जून १८९० ला. आपल्याच मातीतला माणूस. कित्येक वर्षं लढला त्यासाठी.

काकांना रात्री फोन करून हे सगळं सांगितलं. आधी म्हणाले तू लई वाचतोस, मग गप्प झाले, मग विचारलं ऑपरेशन कधी आहे. गुरुवारी सकाळी. बहिणीनं मेल मागं घेतला नव्हता अजून, आता घेणारही नाही, बुधवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं बाळाला घेऊन निघतेय. स्टेशनवर आणायला काका जाणार आहेत.