फोन कपाटात ठेवा आणि निघा सावंतवाडीला!

‘पूर्वीच्या प्रवासाची मजाच वेगळी होती’ असे निरोप सकाळी सकाळी पुढे ढकलणाऱ्या तमाम बंधूभगिनींनो, येत्या गणपतीला ती मजा लुटाच. मुंबईहून सावंतवाडी. फोन कपाटात.

आदल्या रात्री शेजारच्या काकांना गाठा. ‘आम्ही डोळे मिटून जायचो’ म्हणत ते लग्नपत्रिकेच्या पाठीवर नकाशा काढून देतील. त्यात पनवेलला लागूनच चिपळूण असेल आणि अख्ख्या कशेडी घाटाच्या जागी ‘इथे वडा चांगला’ एवढंच. शंका काढू नका, काका दुखावतात.

दुकानातला घडीचा नकाशाही असू द्या. घडी नेमकी आपल्या गावावरच पडते, त्यामुळे तिथे भोक असेल. शिवाय त्यात हा महामार्ग १७ क्रमांकाचा आहे. आता तो ६६ झालाय. क्रमांक बदलून झाला, काम चालू आहे.

मैलाचे दगड वाचायचं काम मुलांना द्या. पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा राज्यमार्ग. गावाचं नाव आणि अंतरही त्यावर असतं, फक्त त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचं पोस्टर असतं. वडखळला डावीकडे वळायचं राहिलं तर थेट अलिबाग. समुद्र तिथेही आहे, रुसू नका.

अडलात तर टपरीवर विचारा. कोकणात ‘माहीत नाही’ म्हणायची पद्धत नाही. आधी ‘कुणाकडे जायचंय?’ मग तुमचं आडनाव, मग गाव, आणि मग रस्ता: ‘सरळ जावा, पिंपळाकडून आत. पिंपळ गेल्या साली तोडला, पण जागा तीच.’ एवढ्यात बाकावरचा दुसरा म्हणेल, ‘कशाला, नदीकडनं जवळ पडेल.’ दोघांची जुंपली की हळूच गाडी काढा.

त्यापेक्षा ‘सावंतवाडी’ पाटीची लाल एसटी धरा आणि तिच्या मागे गाडी लावा. एसटी चुकत नाही. ती प्रत्येक स्टँडात शिरेल, तुम्हीही शिरा. कंट्रोलर ओरडला तर नमस्कार करा.

रात्र झाली, घरचे काळजीत असतील? एसटीडी बूथ शोधा. पिवळी पाटी अजून एखाद्या नाक्यावर लटकत असेल, खाली मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. तिथल्या पोराला रस्ता विचारलात तर तो मान वर न करता म्हणेल, ‘लोकेशन टाका ना, काका.’