फोटोत खड्डा म्हणजे टीबीच?

"छातीच्या फोटोत खड्डा दिसला आणि बेडक्याला घाण वास आला, की टीबीच. तोंडातले जंतू पोटात जातात, फुफ्फुसात नाही. तपासणीत वेळ घालवू नका, सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करा." आमच्या बीड-परभणीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. लॅबमध्ये बेडक्याच्या डब्या उघडण्यात माझा दिवस जातो, म्हणून लिहितो.

झोपेत थोडी लाळ श्वासनळीत उतरतेच, तुमच्या-माझ्याही. ठसका लागतो, फुफ्फुस ती साफ करतं. दारूची गुंगी, फिट, लकवा असला की ठसकाच लागत नाही. त्यात दाढा किडलेल्या, हिरड्यांतून पू येणारा, म्हणजे जंतूंची रास आत जाते आणि फुफ्फुसात पुवाचं गळू होतं. फोटोत त्याचाही खड्डाच दिसतो. (मिश्रीने दात साफ होतात हा आपल्याकडचा आणखी एक गैरसमज. हिरड्यांची वाट ती तंबाखूच लावते.)

वासाचं तर मेसेजने उलटंच केलंय. टीबीच्या बेडक्याला सहसा असा वास नसतो. झाकण काढताच नाल्यासारखा कुजका भपकारा आला, तर तो हवेशिवाय वाढणाऱ्या, तोंडातल्या जंतूंचा. अर्थात वास नाही म्हणून ते नाहीत, असंही नाही.

खड्ड्याच्या जागेवरूनही निकाल लागत नाही. उताण्या माणसाची लाळ फुफ्फुसाच्या वरच्या खणाच्या (भागाच्या) मागे किंवा खालच्या खणाच्या माथ्याशी साचते, बहुधा उजवीकडे, कारण उजवी नळी रुंद आणि सरळ. टीबीच्याही ह्याच आवडत्या जागा!

म्हणूनच बेडका तपासायचा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (बेडक्यात टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी मशीनवरची तपासणी) सरकारी दवाखान्यात फुकट होते, टीबीचं त्यातून बहुतेक वेळा कळतं. तोंडातल्या जंतूंसाठी मात्र त्याच बेडक्याचं कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) कुचकामी, कारण तो तोंडातूनच येतो, तिथले जंतू त्याला लागतातच. फुफ्फुसाभोवती पू असेल तर तो सुईने काढावा लागतो. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढून, तोंड बंद करून ती लगेच लॅबला हवी. उघड्या बाटलीत दोन तास बाकावर पडलेला पू आमच्याकडे येतो तेव्हा मायक्रोस्कोपखाली जंतूंची जत्रा दिसते आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. असा रिपोर्ट म्हणजे "जंतू नाहीत" नव्हे, ते वाटेत हवेने मेले.

आणि छातीचा डॉक्टर "आ करा" म्हणाला तर हसू नका, तो दात-हिरड्या बघतोय. बोळक्या तोंडात दातच नाहीत, म्हणजे ह्या जंतूंची रासही नाही; म्हणून अशा आजोबांच्या फुफ्फुसात गळू निघालं, तर तो दुर्बीण घालून नळीत कॅन्सरची गाठ आहे का ते आधी बघतो.