खिशातले व्याकरण आणि तीन अक्षरांचा एक शब्द : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

‘रशियन शिकणाऱ्याने खिशात मावेल एवढे एक व्याकरण जवळ बाळगावे’ या माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे : मूल मातृभाषा शिकते तशी, म्हणजे ऐकून आणि बोलून, परकी भाषा शिकावी, विभक्तींचे तक्ते घोकणाऱ्याच्या तोंडून एक वाक्यही वेळेवर बाहेर पडत नाही, छापील पुस्तिकेतून उच्चार कळत नाहीत, आणि अशी पुस्तिका बाळगणाऱ्या लेखकानेच संख्यांच्या नियमात चूक करून ठेवली आहे. शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो निखालस खरा आहे.

‘दोनपासून पुढे नामाचे षष्ठी अनेकवचन येते’ असे मी लिहिले होते. वस्तुस्थिती अशी की एक रुबल म्हणजे ‘अदीन रूब्ल’. दोन, तीन आणि चार यांच्यापुढे षष्ठीचे एकवचन येते, ‘द्वा रुब्ल्या’. आणि पाचापासून वीसापर्यंत षष्ठीचे अनेकवचन, ‘प्यात रुब्लेय’. एकविसाला पुन्हा साधी प्रथमा एकवचनी येते, जणू वीस रुबल कोणी मोजलेच नाहीत. हा नियम माझ्या पुस्तिकेत अर्ध्या पानात दिलेला आहे आणि लेख लिहिताना ती हाताशीच होती. मी मात्र स्मरणशक्तीवर विसंबलो. या चुकीवरून आपण पुस्तिका निरुपयोगी ठरवता. माझ्या मते ती न उघडल्याचा हा परिणाम आहे.

आपल्या मुख्य आक्षेपामागे एक गैरसमज दिसतो, आणि तो कदाचित माझ्याच मोघम लिहिण्यामुळे झाला असेल. ही पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी किंवा पाठ करावी, असे मला म्हणायचे नव्हते. पंचांग कोणी पाठ करत नाही. तिथी पाहायची असली की उघडतो आणि पुन्हा खुंटीला अडकवतो. पुस्तिकेचा उपयोगही तसाच आहे, आणि तो मला कळला तो औषधाच्या एका कागदामुळे.

मॉस्कोतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात घसा बसला म्हणून मी औषधाच्या दुकानातून चघळायच्या गोळ्या आणल्या. पाकिटातल्या घडीच्या कागदावरचे सूचनेचे वाक्य मला जवळजवळ लागले होते, फक्त एका तीन अक्षरी शब्दावर गाडी अडली : र, त आणि शेवटी उ. शब्दकोशात त्या जागी असा शब्दच नव्हता. मग पुस्तिका उघडली. काही नामांतला शेवटचा स्वर विभक्ती लागताच गळून पडतो, असे सांगणाऱ्या पानावर ‘रोत’ म्हणजे तोंड, षष्ठीत ‘र्ता’, अशी नोंद सापडली. तरीही शेवटच्या ‘उ’चा उलगडा होईना, कारण स्थळ दाखवताना नामाच्या शेवटी बहुधा ‘ए’ येतो. त्याचे उत्तर आणखी दोन पानांपुढे होते : काही थोडी, बहुतेक एकाक्षरी पुल्लिंगी नामे ‘मध्ये’ आणि ‘वर’ या अर्थी ‘ऊ’ घेतात आणि आघातही, म्हणजे उच्चारातला जोरही, त्याच स्वरावर येतो, जंगलात म्हणजे ‘व लिसू’, जमिनीवर म्हणजे ‘ना पलू’. तेव्हा तो शब्द ‘वा र्तू’ असा होता, तोंडात. गोळी तोंडात धरून हळूहळू विरघळू द्यायची होती. मी तोवर दोन पाण्याबरोबर गिळल्या होत्या.

ऐकून ऐकून मला ‘र्तू’ कधीतरी कळला असता, हे मान्य आहे. पण त्या संध्याकाळी कळला नसता. आता उलट बाजूने पाहा. मराठी शिकणारा एखादा रशियन माणूस ‘देवळात’ हा शब्द वाचून कोशात ‘देवळ’ शोधू लागला, किंवा ‘जावेला’ वाचून ‘जाव’ शोधू लागला, तर त्याला देऊळही सापडणार नाही आणि जाऊही सापडणार नाही. आपण सामान्यरूपे न शिकता बोलतो, म्हणून ही अडचण आपल्याला दिसत नाही. कोशात मूळ रूप असते आणि कागदावर विकारी रूप असते; या दोहोंमधला पूल म्हणजे ती पुस्तिका.

मुलाच्या उदाहरणाबद्दल दोनच गोष्टी. मुलाला जागेपणीचा सगळा वेळ ती भाषा ऐकायला मिळते. पुण्यात नोकरी सांभाळून आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्गाला जाणाऱ्या प्रौढाची तुलना त्याच्याशी कशी करावी? शिवाय रशियन मुलेही शाळेत विभक्ती शिकतातच. सहा विभक्तींची आद्याक्षरे लक्षात ठेवण्यासाठी ‘इवान रदील देव्चोन्कू, व्येल्येल ताश्चीत पिल्योन्कू’ असे एक वाक्य त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. शब्दशः अर्थ असा की इवानाने मुलीला जन्म दिला आणि दुपटे आणायला फर्मावले. (इवानाच्या या पराक्रमाबद्दल वर्गात कोणी शंका काढत नाही.) आपण ‘स-ला-ते, स-ला-ना-ते’ म्हणत आलो, त्याच जातीचा हा प्रकार आहे. फरक एवढाच की त्यांच्या क्रमात प्रथमेनंतर षष्ठी येते. इंग्रजीतून छापलेल्या पुस्तिकांत बहुधा हा क्रम बदललेला असतो, त्यामुळे रशियन शिक्षकाकडे शिकताना थोडा गोंधळ होतो.

तक्त्यांमुळे तोंड उघडत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण तोंड उघडल्यावर झालेली चूक का झाली, हे तक्ता सांगतो. थंडीने काकडत घरमालकिणीला मी ‘या खलोद्नी’ असे सांगितले, म्हणजे ‘मी थंड आहे’, आणि ती हसू लागली. ‘म्न्ये खोलद्ना’ असे म्हणायचे, एवढे तिने सांगितले. ‘का’ हे तिला सांगता आले नाही. रात्री चतुर्थीचे पान उघडले, तेव्हा ध्यानात आले की हे आपले ‘मला थंडी वाजते’च आहे : थंडी जाणवणारा माणूस चतुर्थीत. त्यानंतर ती चूक माझ्याकडून झाली नाही.

आता आपण ज्याचा उल्लेखही केला नाही, तिथे ही पुस्तिका खरोखर तोकडी पडते. रशियन क्रियापदे बहुधा जोडीने येतात, एक चालू किंवा वारंवार होणाऱ्या क्रियेचे आणि दुसरे पूर्ण झालेल्या क्रियेचे. ‘पिशू’ म्हणजे लिहितो, पण प्रत्यय तोच असूनही ‘नापिशू’ म्हणजे लिहीन, हे पुस्तिका एका ओळीत सांगते आणि चोख सांगते. मेट्रोत दर स्थानकावर ऐकू येणारे ‘अस्तारोझ्ना, द्व्येरी झाक्रिवायुत्सा’, म्हणजे ‘सावधान, दारे बंद होत आहेत’, हेही त्यामुळे उलगडते. पूर्णवाचक जोडीदार वापरला असता तर अर्थ ‘दारे बंद होतील’ असा झाला असता. मात्र खिडकी उघडा म्हणताना एक क्रियापद आणि उघडू नका म्हणताना बहुधा दुसरे, ही निवड कोणत्या क्षणी कशी करावी, हे दीड पानात मावत नाही. आपल्या ‘लिहिणे’ आणि ‘लिहून काढणे’ या भेदाचा थोडा आधार मिळतो, पण तो फार लांब नेत नाही. त्यासाठी शिक्षक लागतो, भरपूर वाचन लागते आणि, माझ्या बाबतीत तरी, दोन वर्षे लागली.

उच्चारांबाबत आपल्याशी वाद नाही. आघात छापलेला असला तरी तो कानावर पडल्याशिवाय जिभेवर येत नाही, आणि ‘रुका’ म्हणजे हात या शब्दाचा आघात द्वितीयेत ‘रूकु’ असा शेवटच्या स्वरावरून पहिल्या स्वरावर सरकतो, हे पानावर वाचून समजले तरी बोलताना हमखास विसरते. पुस्तिका विकत घेताना प्रत्येक शब्दावर आघाताची खूण आहे की नाही, एवढे मात्र पाहून घ्यावे. खूण नसेल तर ती दुकानातच ठेवावी.

संख्यांविषयीचे ते वाक्य लेखात आज दुरुस्त केले आहे आणि चूक वाचकाने दाखवून दिली असे त्याखाली नमूद केले आहे. आपले नाव तिथे द्यावे अशी इच्छा असल्यास तसे कळवावे.