सात म्हणतायत ते

सोसायटीच्या सत्यनारायणाचा मसालेभात दीडशे माणसांनी दुपारी खाल्ला आणि पचवला. उरलेला मी रात्री नऊला गरम करून खाल्ला, कारण फुकटचं टाकवत नाही. माझा संशय बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूवर आहे. त्याचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत, आणि भात ओट्यावर तासन्‌तास पडून राहिला की आरामात वाढतात. हे ज्ञान मला पहाटे चारनंतर मिळालं. कमोडवर बसून, मोबाइलवर.

सकाळी दहाला पोटाने जरा उसंत दिली, तेवढ्यात मेडिकल गाठलं. रविवारची रांग होती. पुढे आमच्या समोरच्या बिल्डिंगमधले काका, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी कापून सहाच द्या म्हणून हटून बसलेले. मी मान वाकडी करून हळूच म्हणालो, "ओआरएसच्या चार पुड्या द्या."

"लूज मोशन का?" मेडिकलवाल्याने गिऱ्हाइकाला पेस्ट विचारावी तसं विचारलं.

काका वळले. काका कानाचं यंत्र रविवारी लावत नाहीत. सेल वाचतो.

"किती वेळा झालं?"

"सात," मी पुटपुटलो.

"किती? साठ?"

"सात म्हणतायत ते!" मागून एक बाई ओरडल्या. स्कूटीवर बसल्या होत्या, हेल्मेटही काढलं नव्हतं. या बाईंना मी जन्मात पाहिलेलं नाही. पण दुभाष्याची नेमणूक झाली होती आणि त्यांना ती आवडलेली दिसत होती.

"ताप आहे का विचार त्याला."

"ताप आहे का?"

"अहो, मला ऐकू येतंय. नाही."

"नाही म्हणतायत!"

"आव पडते? रक्त?"

इथे शेजारच्या दुकानातून दुधाची पिशवी घेऊन निघालेला माणूस थांबला. पिशवीतून थेंब थेंब गळत होता, पण तो हलेना.

"नाही पडत," मी बाईंकडे बघून म्हणालो. आता थेट काकांशी बोलण्यात अर्थच नव्हता.

"लघवीला कधी जाऊन आलास शेवटचा?"

अख्खी रांग गप्प. कापायला घेतलेली पट्टी मेडिकलवाल्याने तशीच धरलेली. मला खरंच आठवेना, आणि मी चौदा लोकांसमोर उभा राहून आठवत होतो.

"साडेआठला."

"साडेआठला म्हणतायत!"

"मग ठीक आहे," काका म्हणाले आणि गोळ्यांच्या वादाकडे परतले.

राग याचा येतो की प्रश्न सगळे बरोबर होते. रक्त, चढता ताप, बंद झालेली लघवी, यातलं काही असेल तर घरी उपाय करत बसायचं नसतं, दवाखाना गाठायचा. गेल्या वर्षी पोट बिघडलं तेव्हा डॉक्टरांनी यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं. फोनवर बोलता बोलता पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहिलं आणि चारशे रुपये घेतले. असले जुलाब बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपले आपण थांबतात. तेव्हाही थांबले असते. काका निदान फुकट आहेत.

मेडिकलवाल्याने पुड्यांऐवजी संत्र्याच्या चवीचा खोका पुढे सरकवला. "हे घ्या, लोक हेच नेतात." नेणारच. असल्या साखरपाण्यावर वर्षानुवर्षं ओआरएस म्हणून छापत होते, ते नाव लावायला बंदी आली ऑक्टोबर २०२५ मध्ये. मला पुडीच हवी होती: साडेवीस ग्रॅम, एक लिटर पाणी. पेल्यात चिमूटभर टाकून ढवळायची नाही, अख्खी लिटरभरात. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. शंभरात तीस दगावत होते, ते चारच्या खाली आले. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. आणि आमच्याकडे या पुडीवर कोणाचा विश्वास नाही, कारण ती वीस-बावीस रुपयांना मिळते.

घरी बायको पुडी उलटीसुलटी करत म्हणाली, "म्हणजे मीठ-साखरच ना? घरात नव्हतं का? लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर, त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ." हे तिने पहाटे का सांगितलं नाही? "तू बाहेर होतास कुठे?"

दिवसभर मऊ भात, ताक आणि ते पाणी. संध्याकाळी जरा जीव आला.

आज सकाळी गॅलरीत टॉवेल वाळत घालत होतो. समोरून काकांनी हात हलवला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "आज किती?"

ओरडण्यात अर्थ नव्हता. मी दोन बोटं वर केली.

काकांनीही दोन बोटं वर केली आणि तोंडभर हसले. त्यांना वाटलं, मी जिंकलो.