"इंजिन मुद्दाम गरम करून ठेवलं" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आमच्याकडून जुनी बोट घेतल्या घेतल्या सकाळी इंजिन लवकर स्टार्ट होत नाही, वर ट्रान्सम (बोटीची मागची भिंत, जिच्यावर इंजिन बसतं) मऊ लागतोय, म्हणजे डोक्याला तापच, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण "आम्ही यायच्या आधी मुद्दाम इंजिन गरम करून ठेवलं, फसवलं" असं चारचौघांत लिहिलंत ते फार लागलं, यावरच आमचं घर चालतं.

तुम्हाला वेळ सकाळचीच दिली होती. फोनवर मीच म्हणालो होतो की जुनी बोट थंड इंजिनवरच बघा, कव्हर काढून आधी हात लावा, गार आहे ना बघा, कारण स्टार्टर किती वेळ फिरवावा लागतो, धूर किती येतो हे पहिल्या स्टार्टलाच कळतं, एकदा तापलं की बरंच झाकलं जातं. तुम्ही आलात दुपार टळल्यावर, तोवर दुसरी पार्टी ट्रायल घेऊन गेली होती, त्यांना कसं थांबवणार? तरी म्हटलं रात्रभर गार होऊ दे, उद्या सकाळी या, तर तुमचे मित्र म्हणाले आजच टोकन देऊन जायचंय. हे रिव्ह्यूत कुठेच नाही सर.

आणि त्याच गरम इंजिनवर तुमच्यासमोर प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं, ते गरम असतानाच घेतात. सगळ्या सिलिंडरचा दाब एकमेकांच्या 10 टक्क्यांच्या आत होता, म्हणजे ठीक. गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू सैल करून गिअर ऑइल बोटावर घेऊन दाखवलं, पाणी शिरलं असतं तर दुधाळ दिसलं असतं, ते स्वच्छ होतं. लपवायचं असतं तर एवढं कशाला उघडलं असतं?

ट्रान्समचं म्हणाल तर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितला, आवाज टणक आला, कुठे बद्द नाही. पण फायबरच्या आतलं प्लायवूड ओलं आहे का हे ठोकून छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, त्याला मॉइश्चर मीटर आणि सर्व्हेअर (बोट तपासणारा जाणकार) लागतो, तो आणा म्हटलं तर तुम्हाला तो फालतू खर्च वाटला. तुमच्या फोटोत मागे ट्रान्समवर फिशफाइंडरचा (मासे शोधायच्या यंत्राचा) सेन्सर नुसत्या स्क्रूवर बसवलेला दिसतोय, सीलंट दिसत नाही. दोष देत नाही, पण पाणी अशाच भोकांतून आत जातं, ती आधी बंद करून घ्या.

यापुढे शक्यतो थंड इंजिनवरच ट्रायल द्यायची असं ठरवतोय, काय काय तपासलं ते लिहून द्यायचंही बघतो. तुम्ही बोट घेऊन या, रात्री इथेच ठेवा, सकाळी तुमच्यासमोर स्टार्ट करू, कार्ब्युरेटरही उघडून बघू. फक्त रिव्ह्यूत वेळेचं तेवढं खरं लिहा, एवढीच विनंती.